टेम्पराचे पोपडे

शाळेपासून टेम्परा म्हणजे बाटलीतला पोस्टर कलर, एवढंच माहीत. जुना टेम्परा रंगाची पूड अंड्याच्या बलकात कालवून करतात, हे उशिरा कळलं. पहिलं चित्र अ‍ॅक्रिलिक प्रायमर (रंगाखालचं अस्तर) मारलेल्या कॅनव्हासवर केलं. चार दिवसांत पोपडे! वाटलं, बलक कमी पडला. वाढवला, तर रंग चिकट आणि तेलकट. (घरात वास सुटला तो वेगळाच.) चूक खाली होती: प्रायमरच्या थरात रंग मुरतच नव्हता. मग प्लायवूडवर कोमट सरस आणि खडूच्या भुकटीचे सहा हात दिले, पॉलिश पेपरने घासले. बलक चिमटीत धरून त्याचा पापुद्रा टोचला, आतला रस तेवढा घेतला; पाण्यात घोटलेल्या पुडीत तितकाच मिसळला. बारीक ब्रशने रेघेशेजारी रेघ. लगेच सुकते, फासायला वेळच मिळत नाही. महिना झाला, अजून एक टवका उडालेला नाही.