जड स्क्वॉटनंतर उडी कधी मारायची?

जड स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर वजनाचा बार घेऊन मारलेल्या बैठका, उडीआधी किंवा धावेआधी मारल्या तर पायांचा जोर थोडा वेळ वाढतो. 'जड स्क्वॉट मार आणि अंग तापलेलं आहे तोवर लगेच पळ', हा सल्ला मी दोन हंगाम इमानेइतबारे पाळला. १०० मीटरची वेळ सुधारली नाहीच, उलट बिघडली. दोष मी बुटांना दिला. दोष होता स्क्वॉट आणि धाव यांच्यामध्ये सोडलेल्या जेमतेम दोन मिनिटांचा.

नेहमीचा वॉर्म-अप उरकून घ्या. मग रिकामा बार, त्यानंतर दोन चढते हलके सेट.

आता मुख्य सेट. एकदाच जेमतेम उचलता येईल त्या वजनाच्या साधारण ८५ टक्के घ्या आणि तीनच रेप, म्हणजे तीनच बैठका, मारा. १०० किलो ही हद्द असेल तर बारवर ८५. आणखी दोन सहज निघाले असते असं वाटत असतानाच बार रॅकवर ठेवा. हौसेने पाचवा-सहावा काढलात तर पुढचं सगळं वाया गेलं म्हणून समजा. स्वतःच्या वजनाच्या दीडपट स्क्वॉट होत नसेल तर या भानगडीत पडूच नका, आधी ताकद कमवा. याचा फायदा मुरलेल्या पायांनाच जास्त होतो.

आता थांबायचं. माझं घोडं अडलं ते इथेच.

जड सेटने एकाच वेळी दोन गोष्टी होतात. स्नायू चेततो आणि थकतोही. पहिल्या दोन-तीन मिनिटांत थकवा वरचढ असतो, कारण स्नायूतलं झटपट इंधन, म्हणजे फॉस्फोक्रिएटिन, पुरतं भरून यायलाच तीन ते पाच मिनिटं लागतात. गंमत अशी, की नेमकं तेव्हाच आपल्याला सगळ्यात जोशात असल्यासारखं वाटतं. छाती धडधडत असते, कान गरम झालेले असतात. त्या जोशावर विश्वास ठेवू नका. २०१३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा तीन मिनिटांच्या आतली उडी कमी भरली होती आणि ८ ते १२ मिनिटांनंतरची वाढली होती. वाढ छोटीच असते, म्हणून तर वेळ चुकवून चालत नाही.

या वेळात बसू नका. ट्रॅकपँट चढवा आणि रमतगमत चाला. पाय ताणून मिनिट-मिनिट धरून ठेवणं तर अजिबात नको, त्याने उरलासुरला जोरही जातो. थंडीत पहाटे मैदानावर आठ मिनिटं उभं राहिलात तर अंग गार पडतं आणि मग कुठलंही गणित जुळत नाही.

तुमचा आकडा भिंतीवर सापडेल. बोटांना खडू लावा, स्क्वॉटच्या आधी तीन उड्या मारा आणि सगळ्यात वरच्या खुणेवर तारीख टाका. सेटनंतर स्टॉपवॉच लावून ठरलेल्या मिनिटाला पुन्हा तीन उड्या. एका दिवशी थांबण्याची एकच वेळ तपासा: आज ४ मिनिटं, दोन-तीन दिवसांनी ६, मग ८, १०, १२. सगळं एकाच दिवशी उरकलंत तर उड्यांचाच थकवा मोजाल. दुसऱ्या मिनिटाला माझी खूण दोन बोटं खाली यायची, आठव्याला बोटभर वर. माझ्याबरोबर सराव करणाऱ्याला अकरा मिनिटं लागायची, आणि माझ्या घड्याळावर पळून तो महिनाभर वैतागला होता.

पोलीस भरतीच्या पोरांसाठी एवढंच: मैदानावर रॅक नसतो आणि रांगेत तुमचा नंबर कधी लागेल ते तुमच्या हातात नसतं. जड स्क्वॉटचा हा प्रकार १०० मीटर आणि गोळाफेकीच्या सरावात वापरा. भरतीच्या दिवशी नंबर जवळ आला की चार-पाच जोरकस उड्या मारा, त्यांना दोन-तीन मिनिटांची उसंत पुरते. १६०० मीटरच्या आधी मात्र यातलं काहीच करू नका.