घरी शिकणाऱ्या मुलांसाठी सायन्सचे विषय : आधी प्रयोगशाळा शोधा, मग फॉर्म भरा

घरी शिकणाऱ्या मुलांचे आईबाप दहावीच्या आसपास मला एकच प्रश्न विचारतात, "सायन्स घ्यायचंय, पण कॉलेजला घालायचं नाही. विषय कुठले घेऊ?" मी त्यांना उलट विचारते, "प्रॅक्टिकल कुठे करणार?" बहुतेकांनी त्याचा विचार केलेला नसतो. माझ्या मते विषयांची निवड तिथूनच सुरू व्हायला हवी.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या डाय हाऊसमध्ये, म्हणजे रंगाई विभागात, लॅबला आहे. रंगाचे नमुने काढणं, पाणी तपासणं, पीएच (म्हणजे ते किती आम्ल की अल्क) बघणं हे रोजचं काम. लेक सातवीपासून घरी शिकते आणि आता एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, बारावी करतेय. त्यामुळे खाली लिहिलंय ते घरात करून बघितलेलं आहे.

पुस्तकांची ददात आता कुणालाच नाही. एनसीईआरटीची आणि बालभारतीची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात, एनआयओएस स्वतःची पुस्तकं देतं, समजावून सांगणारे व्हिडिओ तर ढिगाने आहेत. पण ब्युरेटची, म्हणजे थेंब मोजून सोडायच्या उभ्या काचेच्या नळीची, तोटी डाव्या हाताने अलगद सोडत उजव्या हाताने फ्लास्क फिरवायचा, हे व्हिडिओ बघून हातात येत नाही. शिवाय एनआयओएसला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी या तिन्ही विषयांत थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं.

बोर्ड कुठलं

हे थोडक्यात सांगते. दहावीसाठी राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणून बसता येतं, किंवा एनआयओएस. १९८९ साली स्थापन झालेली ही केंद्र सरकारची संस्था आहे. दहावीला किमान वय १४ आणि बारावीला १५ लागतं. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते. एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षं चालते, म्हणजे सगळे विषय एकाच वेळी उरकायची सक्ती नाही. सायन्स घेणाऱ्या मुलांना या सवलतीचा फार उपयोग होतो, त्याबद्दल पुढे सांगते.

एक गोष्ट मात्र दहावीलाच सांभाळा. एनआयओएसला गणित न घेताही दहावी होता येतं. गणिताला घाबरणाऱ्या मुलाला ही वाट लगेच आवडते. पण पुढे सायन्सचा जराही विचार असेल तर दहावीला गणित आणि विज्ञान-तंत्रज्ञान दोन्ही ठेवाच. मुलाला गणित जड जात असेल तर त्याला वेळ जास्त द्या. गणित सोडणं हा त्यावरचा उपाय नाही.

महिनाभर करून बघू द्या

बारावीची नोंदणी करायच्या आधी एक महिना मोकळा ठेवा. प्रत्येक विषयाचा एकच धडा घ्या. तो वाचायचा, त्यातली गणितं किंवा आकृत्या करायच्या आणि त्याला धरून एक प्रयोग करायचा. दुसऱ्या दिवशी कुणी न सांगता मूल कशाकडे वळतं, तेवढं बघा. मार्क नका देऊ.

फिजिक्ससाठी लंबक घ्या. जुन्या घरात पाळण्याची कडी असतेच. तिला दोऱ्याने एखादा जड नट बांधायचा. कडीपासून नटाच्या मध्यापर्यंत बरोबर एक मीटर भरलं पाहिजे. थोडासाच झोका द्यायचा आणि वीस आंदोलनांना किती वेळ लागतो ते मोबाइलवर मोजायचं. चाळीस सेकंदांच्या आसपास येतं. म्हणजे एका आंदोलनाला दोन सेकंद, आणि सूत्रात घातलं की गुरुत्वत्वरण ९.८च्या जवळ निघतं. मग लांबी पाव मीटर केली तर वेळ किती येईल, हे आधी वहीत लिहून मग मोजायला सांगा. वेळ निम्मा झालेला बघून ज्या मुलाला "असं का?" हे सुटत नाही, ते फिजिक्सला रमेल. सूत्र मिळालं की वही मिटणारं मूलही फिजिक्स करू शकतं, पण त्याच्यासोबत तुम्हाला जास्त बसावं लागेल.

केमिस्ट्रीला आमच्याकडे पाण्याने वळण लागलं. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, ते उजनीचं. मधल्या दिवसांत बोअर. बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर धरतो आणि साबणाला फेस येत नाही, हे इथल्या लहान पोरालाही माहीत आहे. लेकीला मी दोन बाटल्या भरायला सांगितल्या, एक नळाची, एक बोअरची. ओळखीच्या एका केमिस्ट्रीच्या सरांच्या लॅबमध्ये तिने दोन्ही तपासल्या. पन्नास मिली पाणी, त्यात पीएच १० राखणारं बफर, चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग बदलणारा दर्शक. पाणी वाइनसारखं लालसर होतं. वरून ब्युरेटने ०.०१ मोलर ईडीटीए, म्हणजे धातूंचे आयन पकडून ठेवणारं रसायन, सोडत जायचं. कॅल्शियम-मॅग्नेशियम सगळं बांधलं गेलं की रंग एकदम निळा होतो. नळाचं पाणी लवकर निळं झालं. बोअरच्या पाण्यावर ती थेंब थेंब सोडत राहिली आणि शेवटी मला म्हणाली, "आई, हे निळं होईना की गं!" झालं ते बावीस मिलीला.

आता हिशेब. या मापात ईडीटीएचा एक मिली म्हणजे लिटरमागे २० मिलिग्रॅम कठीणपणा, म्हणजे त्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण. बावीसला ४४०. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २००पर्यंत ठीक आणि दुसरा स्रोत नसेल तर ६००पर्यंत चालवून घ्यावं असं आहे. तो आकडा तिने स्वतः काढला होता, त्यामुळे त्याचा अर्थ शोधायला तिला कुणी सांगावं लागलं नाही. मग मी तिला आमच्या कामातली बाजू सांगितली. कठीण पाण्यात रिअ‍ॅक्टिव्ह रंग नीट विरघळत नाहीत, छटा मळकी येते आणि टॉवेलचा अख्खा लॉट परत येतो, म्हणून डाय हाऊसला आधी सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा कठीणपणा काढणारं यंत्र. रंग सुतावर बसावा म्हणून मीठ आणि तो पक्का व्हावा म्हणून नंतर सोडा अ‍ॅश, हेही तेव्हाच सांगितलं. आता ती मोलॅरिटीची, म्हणजे द्रावण किती तीव्र आहे याची, गणितं न कंटाळता करते.

तुमच्या घरी डाय हाऊस नसेल, पण काहीतरी असतंच. शेती असेल, गॅरेज असेल, मेडिकल दुकान असेल. महिनाभराच्या या चाचणीत तिथलाच विषय उचला.

बायॉलॉजीला सोलापूरसारखी जागा नाही. डाळिंबावरचा तेल्या घ्या. हा रोग झॅन्थोमोनास नावाच्या जिवाणूमुळे होतो. मग नुसत्या बुरशीनाशकाने तो का जात नाही, या एका प्रश्नात जिवाणू आणि बुरशी यांच्या पेशींमधला फरक शिकवून होतो. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५पासून आहे. सोलापूर विज्ञान केंद्रही त्याच बाजूला आहे, दोन्हींची माहिती मुलाला असू द्या. नान्नजला माळढोक अभयारण्याचं गवताळ रान आहे. माळढोक दिसणं आता दुर्मीळ, पण काळवीट दिसतात, आणि गवताळ प्रदेशाची परिसंस्था पुस्तकातल्या चौकटीबाहेर बघायला मिळते. घरी कांद्याची साल आणि हिप्परगा तलावाचं थेंबभर पाणी बघायला फोल्डस्कोप, म्हणजे घडीचा कागदी सूक्ष्मदर्शक, सुद्धा पुरतो. मात्र आकृत्या काढायचा कंटाळा असेल तर बायॉलॉजी घेताना दोनदा विचार करा.

गणित आधी सुरू करा

शाळेत सगळे विषय जूनमध्ये एकदम सुरू होतात आणि फिजिक्सच्या सरांना जे गणित लागतं ते गणिताच्या सरांनी अजून शिकवलेलं नसतं. घरी ही अडचण ओढवून घ्यायचं कारण नाही. आधी दोन-तीन महिने त्रिकोणमिती, लॉगॅरिदम, सदिश आणि विकलनाची तोंडओळख करून घ्या, मग फिजिक्स उघडा. पीएचची गणितं लॉगशिवाय होत नाहीत, म्हणजे केमिस्ट्रीलाही ते लागतंच. बायॉलॉजी सगळ्यात आधी सुरू केलं तरी चालतं. आणि सोलापूरचा उन्हाळा धरून वेळापत्रक करा. पारा चाळिशीपार गेला की दुपारी बारा ते चार कुणाच्याच डोक्यात काही शिरत नाही, जड विषय पहाटे.

चारही घ्यावेत का

फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायॉलॉजी चारही घेऊन ठेवू, म्हणजे सगळे रस्ते उघडे, असं घरातले मोठे सांगतात. त्यांची काळजी खरी आहे. पण मूल स्वतःहून मागत नसेल तर मी चार घ्यायला सांगत नाही. अभियांत्रिकीच्या सीईटी या प्रवेश परीक्षेला पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) गट, मेडिकलच्या 'नीट' परीक्षेला बायॉलॉजी. कृषी आणि फार्मसीला पीसीएम किंवा पीसीबी (मॅथ्सऐवजी बायॉलॉजी) कुठलाही चालतो. म्हणजे दोन्ही बाजूंचा ताण न घेताही बरेच रस्ते उघडे राहतात.

आणि राहिलेला विषय एनआयओएसमधून नंतरही देता येतो. डॉक्टर व्हायची इच्छा उशिरा झाली तर बायॉलॉजी अतिरिक्त विषय म्हणून करून 'नीट' परीक्षा देता येते, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. मुक्त विद्यालयाच्या मुलांना नीटपासून लांब ठेवणारी अट दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ सालीच रद्द केली होती. कुणी "ओपनवाल्यांना मेडिकल मिळत नाही" म्हणालं तर त्याला हे सांगा.

जेईईचा विचार असेल तर बारावीला किमान पाच विषय हवेत. आयआयटी आणि एनआयटीच्या प्रवेशाला बारावीत ७५ टक्के (एससी-एसटीला ६५) किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं. तेव्हा पाचवा विषय हलका म्हणून घेऊ नका, मार्क मिळतील असा घ्या. आमच्याकडे इंग्रजी आहेच. पर्यावरण विज्ञान, संगणक विज्ञान, मानसशास्त्र यांचाही विचार करता येतो.

आणि ज्या मुलाला पुढे सायन्स करायचंच नाही? त्याला तीन विषय अर्धवट देण्यापेक्षा एकच शास्त्र प्रॅक्टिकलसकट नीट करू द्या. चित्रकार व्हायचं असलेल्या मुलीने केमिस्ट्री घ्यावी, रंगांची तिला आयुष्यभर गरज आहे.

प्रयोगशाळा कशी बघायची

नोंदणी करताना अभ्यास केंद्र निवडावं लागतं. ते महाराष्ट्रातलंच घ्या, कारण इथल्या सीईटीच्या प्रवेशात दहावी-बारावी कुठून झाली हे बघतात. केंद्रावर आधी प्रत्यक्ष जा, मुलाला घेऊन जा. प्रॅक्टिकल कोण घेतं, त्यांची भेट मागा. एका टेबलाला किती मुलं असतात, वर्षात किती वेळा बोलावतात, केमिकल बॅलन्स (बारीक वजनाचा तराजू) चालू आहे का, सूक्ष्मदर्शक किती आहेत, हे विचारा. कपाट उघडून दाखवा म्हणायला लाजू नका. ब्युरेटवर धुळीचा थर असेल तर तुम्हाला उत्तर मिळालं.

एका ठिकाणी मला सांगितलं, "मॅडम, प्रॅक्टिकलची काळजी करू नका, वही लिहून आणा, सही होऊन जाईल." तिथून आम्ही उठलो. अशा सहीने मार्क मिळतील, पण इंजिनीअरिंगच्या किंवा बीएस्सीच्या पहिल्या वर्षी पोर लॅबमध्ये उभं राहील तेव्हा त्याच्यासोबत आपण नसतो.

केंद्रावरची सोय अपुरी वाटली तर गावातल्या कॉलेजच्या शिक्षकांना भेटा. सुट्टीत किंवा शनिवारी फी घेऊन प्रयोग करू द्याल का, असं सरळ विचारा. जीव लावून शिकवणारी माणसं सोलापुरात आहेत, पण ती दारावर पाटी लावत नाहीत, विचारावं लागतं. दोन-तीन घरांनी मिळून विचारलं तर होकार लवकर मिळतो. एखाद्या विषयाची अशी सोय कुठेच लागली नाही, तर तो विषय यंदा थांबवा आणि बाकीचे द्या. नोंदणी पाच वर्षं चालते म्हणून मी सुरुवातीला म्हटलं ते याचसाठी.

घरी काय करायचं नाही, हेही ठरवून घ्या. तीव्र आम्लं घरात आणायची नाहीत. टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करायची नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो. आम्ल-अल्क ओळखायला जास्वंदीचा किंवा हळदीचा दर्शक, तुरटीचे स्फटिक, स्केचपेनच्या रंगांची कागदी क्रोमॅटोग्राफी (ओल्या कागदावर रंग वेगळे करणं), एवढं घरी खुशाल करा. वहीत तारीख आणि आलेलं वाचन पेनाने लिहायचं, चुकीचं वाटलं तरी खोडायचं नाही, खाली दुसरं घ्यायचं. आमच्या लॅबला हाच नियम आहे.

हे सगळं झाल्यावर फॉर्म. बारावीचे कोड गणित ३११, फिजिक्स ३१२, केमिस्ट्री ३१३, बायॉलॉजी ३१४ असे ओळीने आहेत, त्यामुळे चुकून शेजारचा आकडा पडू शकतो. पैसे भरायच्या आधी कोड, माध्यम आणि अभ्यास केंद्र तिन्ही मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या, मग प्रिंट काढून प्रॅक्टिकलच्या वहीत पहिल्या पानाला लावा. प्रॅक्टिकलची तारीख लेखी परीक्षेपेक्षा वेगळी असते, ती केंद्रावर फोन करून स्वतः विचारा.