प्रिंटर वारंवार अडू नये म्हणून काय करावे

घरातील किंवा कार्यालयातील प्रिंटरच्या बहुतेक तक्रारी यंत्राच्या पोटात सुरू होत नाहीत. दमट किंवा चुरगळलेला कागद, यंत्राचा दीर्घकाळ न झालेला वापर आणि ते बंद करण्याची चुकीची पद्धत ही त्यांची नेहमीची कारणे असतात. त्यामुळे काळजीची सुरुवात कागदापासून करावी.

कागद नीट ठेवावा आणि नीट भरावा

कागद हवेतील ओलावा सहज शोषून घेतो. दमट पाने एकमेकांना चिकटून दोन-तीन एकदम ओढली जातात आणि लेझर प्रिंटरमधील उष्णतेने ती वळून आतच अडकतात. म्हणून रिम उघडल्यावर लागतील तेवढीच पाने बाहेर काढावीत आणि उरलेली मूळ वेष्टनात गुंडाळून, जमिनीवर न ठेवता, कपाटात आडवी ठेवावीत. रोजच्या कामाला ७० ते ८० जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटरला तितके ग्रॅम वजन भरणारा, कागद पुरेसा असतो.

ट्रेमध्ये भरण्यापूर्वी गठ्ठा हातात धरून कडेने फुलवावा, म्हणजे पाने सुटी होतात, आणि मग टेबलावर हलकेच आपटून तो सारखा करावा. ट्रेमधील कमाल मर्यादेच्या खुणेच्या वर कागद जाऊ देऊ नये. बाजूच्या सरकत्या पट्ट्या कागदाला नुसत्या टेकाव्यात; त्या सैल राहिल्या तर पान तिरके जाते आणि घट्ट बसवल्या तर ते मध्येच फुगते. पाठकोरे कागद वापरण्याची काटकसर स्तुत्य असली, तरी टाचणी किंवा स्टेपलची पिन राहिलेले, घड्या पडलेले पान प्रिंटरमध्ये मुळीच घालू नये. एका पिनेने लेझर प्रिंटरच्या ड्रमवर (ज्यावर आधी छापायची प्रतिमा उमटते त्या फिरत्या नळीवर) ओरखडा उठला, तर वाचलेल्या कागदाच्या कितीतरी पट खर्च येतो.

अडकलेला कागद काढताना

प्रथम प्रिंटर बंद करून ट्रे बाहेर काढावा आणि मागचे झाकण उघडावे. लेझर प्रिंटरमध्ये टोनर (शाईऐवजी वापरली जाणारी भुकटी) कागदावर पक्का करणारा भाग अतिशय तापलेला असतो, त्यामुळे तो निवेपर्यंत थांबावे. नंतर दोन्ही हातांनी, कागद ज्या दिशेने पुढे सरकतो शक्यतो त्याच दिशेने, तो सावकाश ओढावा. पान फाटलेच, तर निघालेले तुकडे टेबलावर जोडून पाहावेत. एखादा कोपरा कमी भरत असेल तर तो आतच आहे, आणि पुढची दहा पाने तिथेच अडणार.

कागद वारंवार अडकत असेल किंवा ओढलाच जात नसेल, तर ट्रेजवळचा रबरी रोलर पाहावा. कागदाची धूळ बसून तो गुळगुळीत आणि चकचकीत होतो. प्रिंटर बंद असताना धागे न सुटणाऱ्या, किंचित ओलसर फडक्याने तो फिरवत पुसावा आणि वाळू द्यावा.

इंकजेट असेल तर

इंकजेटची शाई फवारणारी छिद्रे केसापेक्षाही बारीक असतात आणि वापर थांबला की त्यांच्या तोंडाशी शाई वाळते. आठवड्यातून निदान एक रंगीत पान छापावे, कारण नुसत्या काळ्या अक्षरांचे पान काढल्याने इतर रंगांची छिद्रे वाहती राहतीलच असे नाही. प्रिंटर नेहमी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावा. बटण दाबल्यावर हेड (ही छिद्रे असलेला सरकता भाग) आपल्या जागी जाऊन झाकले जाते. भिंतीवरचा स्विच थेट बंद केला तर ते उघडेच राहू शकते. अक्षरे तुटक येऊ लागल्यास आधी नोझल (म्हणजे छिद्रे) तपासणीचे पान काढावे आणि मगच हेड साफ करण्याची आज्ञा द्यावी. ही सफाई शाई खर्चूनच होते, म्हणून दोन-तीनदा करूनही फरक न पडल्यास काही तास थांबून पुन्हा तपासावे. टाकीच्या प्रिंटरमध्ये शाई खालच्या खुणेच्या खाली जाऊ दिली, तर नळ्यांमध्ये हवा शिरते आणि मग दुरुस्ती बरीच किचकट होते.

लेझर असेल तर

टोनर कोरडी भुकटी असल्याने तो वाळण्याचा प्रश्न नाही. छपाई फिकट दिसू लागल्यास कार्ट्रिज (टोनरची डबी) आडवे धरून हलकेच डावीकडे-उजवीकडे हलवावे. त्यावर आणखी काही पाने निघतात. ड्रमला बोट लावू नये आणि तो उजेडात उघडा ठेवू नये. पानावर ठरावीक अंतराने तोच डाग उमटत असेल, तर ते अंतर पट्टीने मोजून ठेवावे, कारण त्यावरून नेमका कोणता फिरता भाग खराब झाला आहे हे तंत्रज्ञाला कळते. सांडलेला टोनर थंड पाण्याच्या ओल्या फडक्याने टिपावा. गरम पाण्याने तो चिकटून बसतो. लेझर प्रिंटर तापताना एकदम जास्त वीज घेतो, म्हणून तो संगणकाच्या यूपीएसवर जोडू नये.

प्रतीवर उभी रेघ

पाने आपोआप ओढणाऱ्या वरच्या फीडरमधून काढलेल्या झेरॉक्स प्रतीवरच रेघ येत असेल आणि काचेवर ठेवलेल्या पानाची प्रत स्वच्छ निघत असेल, तर कार्ट्रिज बदलण्याची घाई करू नये. मोठ्या काचेच्या कडेला काचेची एक अरुंद पट्टी असते आणि तिच्यावरचा खडूच्या कणाएवढा ठिपकाही पूर्ण पानभर रेघ ओढतो. ती पट्टी पुसली की काम होते.

जोडणी

वायफायवरील प्रिंटर अधूनमधून ‘ऑफलाइन’ दिसतो, त्यामागे पुष्कळदा राउटरने त्याला दिलेला आयपी पत्ता (नेटवर्कवरील ओळख क्रमांक) बदललेला असतो. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरसाठी एक पत्ता राखून ठेवावा. छपाई निघाली नाही म्हणून तीच आज्ञा पुन्हा पुन्हा देऊ नये. आधी रांगेत अडकलेले काम रद्द करावे, मग प्रिंटर आणि संगणक दोन्ही पुन्हा सुरू करावेत, आणि तरीही काम झाले नाही तर निर्मात्याच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर (संगणकाला प्रिंटर चालवता यावा म्हणून लागणारे सॉफ्टवेअर) नव्याने बसवावा.