गाडी कुठे लावायची: न्यू जर्सीच्या उपनगरात नव्याने आलेल्यांसाठी

आपल्याकडे गेटसमोर कुणी गाडी लावली की आपण हॉर्न वाजवतो, वॉचमनला हाक मारतो, "ही पांढरी गाडी कुणाची हो?" म्हणून विचारत फिरतो आणि पाच मिनिटांत कुणीतरी चावी घेऊन धावत येतं. इथे न्यू जर्सीत तसं विचारत कोणी येत नाही. भांडायलाही येत नाही. थेट पोलिसांना नाहीतर टो करणाऱ्याला फोन जातो. म्हणून नवीन कुटुंब राहायला आलं की किराणा कुठे मिळतो हे सांगायच्या आधी मी पार्किंगचं सांगते. मला ते वेळेवर कुणी सांगितलं नव्हतं.

आम्ही आलो त्याच्या तिसऱ्याच आठवड्यात सकाळी खाली उतरलो तर गाडी जागेवर नाही. चोरीला गेली समजून पोलिसांना फोन केला. पलीकडच्या बाईंनी गाडीचा नंबर विचारला आणि सांगितलं, टो झाली आहे. आम्ही ती रात्रभर व्हिजिटर पार्किंगमध्ये ठेवली होती. तिथे रात्री गाडी ठेवायची नाही अशी पाटी प्रवेशाशीच होती आणि आम्ही रोज तिच्यावरून जात होतो. गाडी सोडवायला भरलेले पैसे तेव्हा फार जड गेले होते.

म्हणून अपार्टमेंटचा भाडेकरार हातात आला की पार्किंगचं पान आधी वाचा. घरामागे किती जागा, त्यांना नंबर आहेत का, काचेला स्टिकर किंवा आरशाला परमिट लावायचं का, पाहुण्यांची गाडी किती वेळ चालते, हे लीजिंग ऑफिसमध्ये सही करण्याआधीच विचारून घ्या. दोन गाड्या घ्यायचा विचार असेल तर दुसरी कुठे लावणार, तेही. आणि 'फायर लेन' (अग्निशमन गाड्यांसाठी मोकळी ठेवलेली जागा) लिहिलेल्या पट्ट्यात दोन मिनिटंसुद्धा थांबू नका, अगदी सामान उतरवायलाही नाही.

रस्त्यावर लावताना काही अंतरं पाठच करा. ती राज्याच्या कायद्यातली आहेत, तिथे पाटी असो वा नसो. फायर हायड्रंटपासून (आग विझवायला पाणी घ्यायचा रस्त्याकडेचा नळ) १० फूट, क्रॉसवॉकपासून २५ फूट, स्टॉपच्या पाटीपासून ५० फूट. साधारण गाडी १५-१६ फूट लांब असते, म्हणजे स्टॉपच्या पाटीपासून तीन गाड्या मावतील एवढी जागा सोडायची. गाडीचं तोंड वाहतुकीच्या दिशेला हवं आणि चाकं कडेपासून ६ इंचांच्या आत. समोरच्या बाजूला जागा दिसली म्हणून उलट्या तोंडाने लावलेली गाडी इथे तिकिटाला पात्र होते, हे आपल्या लोकांना खरंच वाटत नाही. कुणाच्या ड्राइव्हवेच्या (रस्त्यावरून घरापर्यंत गाडी नेायची वाट) तोंडाशी लावायची नाही. स्वतःच्या ड्राइव्हवेत उभी केलेली गाडीही फुटपाथवर येऊ द्यायची नाही. बाबागाडी घेऊन चालणारी आई मग रस्त्यावर उतरते.

रात्रीचं वेगळं. बऱ्याच गावांत रात्री ठरावीक तास रस्त्यावर गाडी ठेवायला मनाई असते आणि ते तास गावागणिक बदलतात. शेजारच्या गावात राहणाऱ्या मित्राचं ऐकू नका, आपल्या टाउनशिपच्या वेबसाइटवर बघा. न्यूयॉर्कला रेल्वेने जाणार असाल तर घर ठरवण्याआधी स्टेशनच्या पार्किंगची चौकशी करा. काही स्टेशनांवर परमिटसाठी प्रतीक्षायादी असते.

अपंगांच्या जागेबद्दल मी कुणाचंही 'फक्त पाच मिनिटं' ऐकून घेत नाही. परवाना नसताना तिथे लावलीत तर पहिल्याच वेळी २५० डॉलर दंड आहे, पण दंडाचं सोडा. शेजारी तिरक्या रेघांचा रिकामा पट्टा असतो तो व्हीलचेअर उतरवायला असतो. तो अडवला तर आतला माणूस गाडीतच अडकतो.

तिकीट आलंच तर घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. पार्किंगच्या तिकिटाने लायसन्सवर पॉइंट (चुकांची नोंद) चढत नाहीत. मान्य असेल तर मुदतीत ऑनलाइन भरा, नसेल तर म्युनिसिपल कोर्टात जाऊन म्हणणं मांडता येतं. मुदत उलटली की मात्र प्रकरण वाढतं.

आता पाहुण्यांचं. स्वतःच्या घरात गेल्यावर आमच्या पहिल्या गणपतीला वीसेक कुटुंबं आरतीला आली. गाड्या जिथे जागा दिसेल तिथे. शेजारच्या आजोबांना डायलिसिसला न्यायला आलेल्या गाडीला ड्राइव्हवेत शिरता आलं नाही. त्यांना वॉकर घेऊन कोपऱ्यापर्यंत चालावं लागलं. आम्ही आत टाळ वाजवत होतो. हे मला चार दिवसांनी त्यांच्या मुलीने सांगितलं, तेही मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना सहज विचारलं म्हणून. त्या वर्षापासून मी आठवडाभर आधी दोन्ही बाजूंच्या आणि समोरच्या घरी जाऊन तारीख, वेळ आणि माझा फोन नंबर लिहून देते, मोदक खायला बोलावते. पाहुण्यांना एका गाडीतून दोन कुटुंबं या म्हणते आणि एका मोठ्या मुलाला गाड्या लावून घ्यायला बाहेर उभं करते. कुणी मुक्कामाला असेल तर पोलिसांच्या साध्या नंबरवर (९११ नव्हे) फोन करून रात्रीची परवानगी मिळते का विचारते. काही गावं देतात. पुढच्या वर्षी त्याच आजोबांनी आमच्या दोन पाहुण्यांना स्वतःच्या ड्राइव्हवेत गाडी लावू दिली.

चालवण्यातली एकच गोष्ट सांगते, शाळेची बस. तिचे लाल दिवे लुकलुकले की किमान २५ फुटांवर थांबायचं, समोरून येत असाल तरीसुद्धा. मधे दुभाजक असेल तरच पलीकडच्यांनी ताशी १० मैलांनी हळू जायचं. चुकलात तर लायसन्सवर ५ पॉइंट. लायसन्सवरून आठवलं, दुसऱ्या राज्यातून आला असाल तर लायसन्स आणि गाडीची नोंदणी ६० दिवसांत इथली करून घ्या.

किरकोळ दोन गोष्टी. पेट्रोल इथे स्वतः भरायचं नसतं, १९४९ पासून तसा कायदा आहे. गाडीतच बसा. आणि गाडीत कापडी पिशव्या कायम ठेवा, कारण मे २०२२ पासून मोठ्या किराणा दुकानांत प्लास्टिकचीही मिळत नाही आणि कागदाचीही.

बर्फाची तयारी ऑक्टोबरातच करा, वादळाच्या आदल्या दिवशी फावडी संपलेली असतात. वादळाचा इशारा आला की रस्त्यावरची गाडी हलवा, नाहीतर बर्फ हटवणाऱ्या गाडीला, म्हणजे प्लाउला, वाट मिळत नाही आणि गाडी टो होऊ शकते. निघण्यापूर्वी फक्त काच पुसून भागत नाही, टपावरचा बर्फही काढावा लागतो. नाही काढला तर २५ ते ७५ डॉलर दंड, आणि तो उडून कुणाला लागला तर २०० ते १,००० डॉलर. २०१६ च्या जानेवारीतल्या हिमवादळानंतर आमच्या गल्लीतला हायड्रंट पार गाडला गेला होता. आम्ही तीन घरांनी मिळून तो मोकळा केला. तुमच्या घरासमोर हायड्रंट असेल तर फुटपाथ साफ करताना त्याच्याभोवतीचाही बर्फ काढा.