नोकरीत दिव्यांगांशी भेदभाव: दावा लंगडा पाडणाऱ्या या चुका टाळा

अपघातानंतर किंवा पक्षाघातातून उठून कामावर परतलेल्या माणसाला गोडीगुलाबीनं सांगितलं जातं, "तुम्हीच राजीनामा लिहून द्या, हिशेब लगेच करतो." इथे सही केली की पुढची लढाई भेदभावाची राहत नाही, सही दबावाखाली झाली, हे आधी तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. सरकारी नोकराचं नुकसान तर आणखी मोठं. दिव्यांग हक्क कायदा 2016 च्या कलम 20 प्रमाणे सेवेत असताना अपंगत्व आलं म्हणून त्याला काढता येत नाही, की पदावनत करता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यावं लागतं. तेही नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य (म्हणजे मंजूर संख्येबाहेरच्या जादा) पदावर ठेवावं लागतं. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज देणारा हे सगळं आपल्या हातानं धोक्यात घालतो.

गोव्यात वेर्ण्याच्या कारखान्यातल्या किंवा कळंगुटच्या हॉटेलातल्या कर्मचाऱ्यानं मात्र तक्रारीत कलम 20 टाकू नये. ते फक्त सरकारी आस्थापनांना लागू आहे. खासगीत कलम 3 (भेदभावाला मनाई) आणि कलम 21 (समान संधी धोरण) धरा. केंद्राच्या 2017 च्या नियमांनुसार 20 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेनं समान संधी धोरणात दिव्यांगांसाठीच्या सोयी नमूद करायच्या असतात. त्या धोरणाची प्रत लेखी मागा. ती मिळाली नाही, तर तो मुद्दाही तक्रारीत घाला.

"हलकं काम द्या" ही मागणी फार मोघम. दृष्टी कमी झालेल्या लेखनिकानं स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) मागावा, व्हीलचेअरवरच्यानं तळमजल्यावरचं टेबल. अशी वाजवी सोय नाकारणं हाच कायद्यानं भेदभाव आहे. मालकाचा हमखास बचाव असतो तो अवाजवी भाराचा, म्हणजे ही सोय आम्हाला झेपणारी नाही असा. मागणी नेमकी आणि स्वस्तातली असली की तो बचाव टिकत नाही. अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्का द्यायला नकार दिला तर अर्ज स्पीड पोस्टनं पाठवा. व्हॉट्सॲपवरच्या निरोपावर भिस्त ठेवू नका.

40 टक्के अपंगत्वाचा दाखला नाही म्हणून गप्प बसणं हीसुद्धा चूकच. ती अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. सर्वोच्च न्यायालयानं विकास कुमार प्रकरणात 2021 साली, 40 टक्के अपंगत्व नसलं तरी परीक्षेत उत्तरं लिहून देणाऱ्या लेखनिकाची सोय मागता येते, असं स्पष्ट केलं.

आता दार कुठलं ठोठवायचं? सरकारी कर्मचाऱ्यानं आधी कार्यालयातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावं. नोंद झालेल्या तक्रारीची चौकशी दोन आठवड्यांत व्हायला हवी. राज्य दिव्यांगजन आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे, कागदपत्रं मागवण्याचे अधिकार आहेत, पण त्यांच्या हाती शेवटी शिफारस असते. खात्यानं तीन महिन्यांत कार्यवाही कळवायची, नाहीतर शिफारस न मानण्याची कारणं द्यायची. आयुक्तांना निवृत्ती रोखता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 1995 च्या जुन्या कायद्याखाली 2010 मध्येच म्हटलंय. म्हणून सेवामुक्तीची तारीख तोंडावर असेल तर स्थगितीसाठी पर्वरीला उच्च न्यायालयातच जा. खासगी मालकाविरुद्ध उच्च न्यायालयातली अशी रिट याचिका सहसा टिकत नाही. तिथे कामगार आयुक्तालयाचा मार्ग असतो, पण तो ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांनाच. ते ठरतं हुद्द्याच्या नावावर नव्हे, प्रत्यक्ष कामावर. तेव्हा नेमणूकपत्राबरोबर ड्यूटी चार्ट आणि कामाचे ईमेलही जपून ठेवा.