दिवाळीच्या आवराआवरीतले कपडे मेळघाटात पाठवताना

कपडे जमवणं सोपं आहे. सोसायटीच्या ग्रुपवर निरोप टाकला की आठवड्यात पार्किंग भरतं. त्याआधी गावातल्या आशाताईंना किंवा अंगणवाडी सेविकेला फोन करून घरं, माणसं आणि मुलांची वयं लिहून घ्या.

खरं काम निवडण्याचं. ‘गरिबाला काहीही चालतं’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. फाटका शर्ट गावात पोचला तरी कुणी घालत नाही, आणि तिथे कचरा उचलायला घंटागाडी येत नाही.

प्रत्येक कपडा उजेडासमोर धरा, विरलेला लगेच दिसतो. जॅकेटची चेन तीनदा वर-खाली ओढा. अडकत असेल तर दातांवर पेन्सिलचं शिसं घासा. तरीही लागत नसेल तर चेन बदला, कारण छाती उघडी राहिली तर जॅकेटचा उपयोग नाही. इलॅस्टिक सैल असेल तर नाडी ओवा. कमरेला 36 च्या वरच्या पॅन्ट शेतमजुराच्या अंगावर टिकत नाहीत, त्यांची दप्तरं शिवून घ्या. वापरलेले आतले कपडे कधीही पाठवू नका.

साड्यांमध्ये सुती आणि सिंथेटिक वेगळ्या करा, इथे हयगय नको. स्वयंपाक चुलीवर होतो. नायलॉन पेटलं की वितळून कातडीला चिकटतं. सुती साड्या नेसायला आणि गोधडीला द्या. सिंथेटिक साड्या रानडुकरं आत शिरू नयेत म्हणून शेताच्या कडेने बांधायला उपयोगी पडतात, त्यांच्या पोत्यावर तसं ठळक लिहा.

दुसरी चूक ओलाव्याची. स्वेटर वरून कोरडा लागतो, पण काखेत आणि कॉलरच्या शिवणीत दमट असतो. आठ दिवस बंद पोत्यात राहिला की तिथेच बुरशीचे काळे ठिपके येतात, आणि शेजारचे कपडेही कुबट होतात. दोन दिवस कडक ऊन द्या. उन्हातून काढल्यावर लगेच भरू नका, गार होऊ द्या. डांबरगोळ्या अजिबात नकोत, त्यांची वाफ तान्ह्या बाळांना बाधते. कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला.

पोती नागपूरच्या इतवारी बाजारातल्या धान्याच्या दुकानांतून मिळतात. एकात 20 किलोच्या वर भरू नका, दाभणाने शिवा. बूट जोडीने बांधा.

चिखलदऱ्याकडे डिसेंबरात कडाक्याची थंडी पडते, म्हणून माल नोव्हेंबरातच पोचवा. गाडीवरून कपडे वाटू नका, फोटोसाठी रांग लावू नका. पोती आशाताईंच्या यादीप्रमाणे घरोघर द्या आणि अंगाला न होणारे कपडे त्याच गाडीने परत आणा.