शाळेच्या ग्राउंडवर हेलिकॉप्टर उतरणार असेल तर आधी हे बघा

खानापूर, निपाणीकडं पेशंट न्यायला हेलिकॉप्टर येणार म्हटलं की अख्खा गाव मोबाईल काढून ग्राउंडवर हजर, पण खरा धोका पंख्याच्या वाऱ्याचा असतो बघा. हेलिकॉप्टर हवेत टिकतं ते हवा खाली ढकलून, ती जमिनीला आपटून चारी बाजूला पसरते, आणि वजन जितकं जास्त तितका झोत मोठा. 2022 साली इंग्लंडात प्लिमथच्या डेरिफर्ड हॉस्पिटलजवळ असाच झोत लागून कार पार्कमधल्या 87 वर्षांच्या आजी पडल्या आणि गेल्या, ते हेलिकॉप्टर 12 टनाच्या वर्गातलं होतं.

म्हणून आदल्या दिवशीच ताडपत्री, फ्लेक्स, पत्रे, प्लास्टिकच्या खुर्च्या सगळं हलवा. दगड ठेवून पत्रा थांबत नाही हो! तांबडी माती असेल तर टँकरनं पाणी मारा, नाहीतर धुरळ्यात पायलटला काय दिसणार? लोकांना निदान 50 मीटर लांब, मोठं असेल तर अजून मागं, म्हातारी माणसं आणि पोरं तर आडोशालाच.

स्ट्रेचरवरची चादर पट्ट्यानं आवळा, टोपी-ओढणी काढून ठेवा, शेपटीकडं अजिबात नको, पायलटनं खूण केल्यावरच समोरून जा. परत उडताना झोत पुन्हा येतो, तेव्हा लगेच गर्दी सोडू नका.